पाच घड्याळांचा फोटो

मी भिंग बोलतोय. पेपर वाचायचं भिंग मी नाही, आणि पोरं उन्हात धरून कागद जाळतात तेही नाही. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस डोळ्याच्या खोबणीत अडकवतो ते मी, बाटलीच्या टोपणाएवढं, काळ्या कडेचं. बोलायची मला सवय नाही. जन्मभर पाहण्याचं काम केलं. पण हल्ली लोक पाहतात कमी आणि बोलतात फार, तेव्हा म्हटलं आपणही एकदा तोंड उघडावं. मी शाळेत गेलेलो नाही, गोड गोड लिहिणं जमायचं नाही. चालत असेल तर ऐका, नाहीतर पान उलटा.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला ठाऊक नाही. एका डब्यात आम्ही चोवीस भावंडं होतो, कापसात गुंडाळलेली. एका वस्तादाने मला उचललं, उजेडाकडे धरलं, "हं" म्हणाला आणि खिशात टाकलं. बाकीच्या तेवीस जणांचं काय झालं, कुणी सांगितलं नाही. वस्तादाने पहिल्याच दिवशी सुई तापवली आणि माझ्या कुशीत आरपार भोक पाडलं. मला वाटलं, खेळ खलास. पण ते भोक नसतं तर माणसाच्या डोळ्याची वाफ माझ्यात कोंडली असती आणि समोरचं सगळं धुरकट दिसलं असतं. ते दुखणं माझ्या कामाचं होतं, हे मला उशिरा कळलं.

वस्ताद थकला तेव्हा त्याने आपली हत्यारं एका फडक्यावर मांडली आणि हाताखाली तयार झालेल्या कारागिरांना बोलावलं. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. जुना कारागीर कामावरून उठला की हत्यारं वाटून टाकतो, आणि अशा माणसाचं हत्यार मिळणं हा मान असतो. कुणाला चिमटा मिळाला, कुणाला बारीक स्क्रू-ड्रायव्हर. मी आत्ताच्या मालकाच्या वाट्याला आलो. ही रीत ध्यानात ठेवा. पुढे सगळा घोटाळा तिच्यामुळेच झाला.

मालक तेव्हा तिशीतला होता, आता पंचाहत्तरी उलटली. मी त्याला म्हातारा म्हणतो. तो मला काहीच म्हणत नाही, "कुठे मेलं ते?" एवढंच. पूर्वी भुवईच्या जोरावर मला धरून ठेवायचा. आता भुवई सैल पडली, म्हणून तारेचं कडं करून डोक्याला अडकवतो. दोनदा हातातून पडलो. एका बाजूला टवका उडालाय, कडेला चीर गेली तिथे दोरा गुंडाळलाय. तरी दिसायला मला सगळं दिसतं.

माणसं फार खोटं बोलतात. "काका, कालपर्यंत मस्त चालत होतं," म्हणतात, आणि आत मला दोन वर्षांची धूळ दिसते. "पाण्यात अजिबात पडलं नाही," म्हणतात, आणि आत गंज. म्हातारा झाकण लावतो आणि म्हणतो, "गुरुवारी या." गेलेल्या बापाचं घड्याळ घेऊन येणाऱ्याला मात्र तो लगेच बसवून घेतो आणि समोरच चालू करून देतो. तसा स्वभावाने फटकळ आहे. सुनेच्या हातचा चहा कधी चांगला म्हणणार नाही, पण कपात थेंब ठेवणार नाही.

सून दुकानाच्या पुढच्या भागात पट्टे आणि सेल विकते. तिनेच आपला जुना मोबाईल त्याला दिला आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये घातलं. 'टिकटिक मंडळी' असं नाव. गावोगावचे दोनशे चौदा कारागीर. कुणाला एखादं चाक मिळत नसलं की फोटो टाकायचा, ज्याच्याकडे असेल त्याने पाठवायचं. काम चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही.

चष्मा लावायला म्हातारा तयार नाही. "चष्मा म्हाताऱ्यांना लागतो," म्हणतो. म्हणून मोबाईलसुद्धा माझ्यातूनच बघतो. तुम्हाला जिथे शब्द दिसतो तिथे मला लाल, हिरवे, निळे दाणे दिसतात. त्या दाण्यांतून म्हातारा एकेक अक्षर वेचत जातो. वाचणं कसंबसं जमतं, लिहिणं त्याहून अवघड. एकदा कुणाच्या तरी बारशाच्या फोटोखाली त्याने रडणारं तोंड पाठवलं होतं. सून पोट धरून हसली होती.

त्या ग्रुपमध्ये एक माणूस होता. सगळे त्याला पाचघड्याळ्या म्हणायचे. आमच्या गावापासून दिवसभराच्या प्रवासावर त्याचं दुकान. बायको गेलेली, मूलबाळ नाही. दुकानाच्या भिंतीवर लंबकाची पाच जुनी घड्याळं, विकायची नाहीत, त्याची स्वतःची. रोज सकाळी बरोबर नऊ वाजता तो त्या भिंतीचा फोटो टाकायचा. पाचही घड्याळांत नऊ. एका मिनिटाचा फरक नाही. खाली लिहायचा, "पोरं हजर आहेत."

म्हातारा रोज मला डोळ्याला लावून पाचही पोरांची हजेरी घ्यायचा. चूक सापडायची वाट पाहायचा, खरं सांगायचं तर. सापडायची नाही. मग "लेकाचा पक्का आहे" म्हणून अंगठा पाठवायचा. दोघं कधी भेटले नव्हते. फोनवर दोन-तीनदा बोलले असतील, तेही एका स्प्रिंगवरून भांडले होते.

एके दिवशी पाचघड्याळ्याने फोटोऐवजी चार ओळी लिहिल्या. "हात थरथरतो. बारीक स्क्रू धरता येत नाही. गिऱ्हाईक परत पाठवलं. कुणाला असं झालंय का?"

खाली उत्तरं आली. "काका, वय झालं." एक हसरं तोंड. "आराम करा." दोन फुलं. एकाने लिहिलं, "घड्याळापेक्षा हातच जास्त टिकटिक करतोय वाटतं." त्यावर सतरा जण हसले.

म्हाताऱ्याने ते माझ्यातून वाचलं. हसला नाही. बोट उचललं, काहीतरी लिहायला गेला, 'अ' सापडेना. "उद्या सावकाश लिहितो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तुटलेल्या चाकाचा फोटो टाकला आणि त्या चार ओळी वर सरकून गेल्या. मोबाईलचं हे मला आवडत नाही. टेबलावरचं बंद घड्याळ टेबलावरच राहतं, डोळ्यांत खुपत राहतं. मोबाईलमधलं दुःख वर सरकतं आणि दिसेनासं होतं.

मग पोरांचा फोटो यायचा थांबला. एक दिवस, दोन दिवस, बारा दिवस. दोनशे चौदा माणसं, एकालाही चुकल्यासारखं वाटलं नाही. म्हाताऱ्यालाही नाही. मी हे त्याच्या तोंडावर म्हणतोय, त्याला ऐकू येत नाही म्हणून नव्हे, खरं आहे म्हणून.

तेराव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला फोटो आला. फडक्यावर मांडलेली हत्यारं. चिमटे, स्क्रू-ड्रायव्हर, तेलाची कुपी, आणि एक भिंग. खाली लिहिलं होतं, "माझी सगळी हत्यारं वाटतोय. ज्याला जे हवं ते सांगा. पत्ता सगळ्यांना माहीत आहे. मंडळींनी खूप दिलं, आता माझं काम झालं."

काय झुंबड उडाली! आमची ती रीत ना. सगळ्यांना वाटलं, काका कामावरून उठले. "मोठा चिमटा मला!" "काका, आता मजा करा." "स्क्रू-ड्रायव्हर माझा, कुणी मध्ये पडू नका." हार, फुलं, जोडलेले हात, टाळ्या. पाच मिनिटांत तेलाची कुपीसुद्धा गेली.

आणि आमचा म्हातारा! चाचपडत, एकेक अक्षर दाबत त्याने लिहिलं, "भिंग मला."

मला असा राग आला म्हणून सांगू! पंचेचाळीस वर्षं याच्या डोळ्यात बसून घाम प्यालो, आणि याला दुसरं भिंग हवं. त्या फोटोतल्या भिंगाला टवका नव्हता, दोरा नव्हता, तरुण दिसत होतं मेलं. म्हाताऱ्याने मला डोळ्याला घट्ट दाबलं आणि त्या सवतीला ओरखडा आहे का ते बघायला फोटो दोन बोटांनी मोठा केला. सवयीचा धसमुसळा हात. फोटो सरकला, भिंग खाली गेलं आणि वरच्या कोपऱ्यातली भिंत दिसली.

भिंतीवर पाच पोरं. एकात दहा वीस. दुसऱ्यात पावणेसहा. तिसऱ्यात दोन. चौथ्यात आठ दहा. पाचव्यात साडेबारा.

म्हाताऱ्याने पाचही पोरं पुन्हा एकदा पाहिली.

"पोरी," त्याने हाक मारली, "हे इकडे ये. किती वाजलेत?"

"तीन वाजून गेलेत बाबा. का?"

"याची पाचही घड्याळं बंद आहेत."

"असतील. दुकानच बंद करतायत ना ते."

"अगं, ही आठ दिवसांच्या चावीची घड्याळं. हा दर रविवारी चावी देतो. चावी संपेल तसं एकेक आपल्या वेळेला थांबलंय. म्हणजे मागचे दोन रविवार याने चावीला हात लावलेला नाही. काम सोडलेला घड्याळवाला हत्यारं वाटेल, पण घरच्या घड्याळाला चावी द्यायचं सोडत नाही. उलट त्याला तेवढंच काम उरतं. हा कामावरून नाही उठलेला." मग आवाज खाली आला. "हा जायला निघालाय."

सुनेने हातातला पट्टा खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, ग्रुपवर लिहू या का? दोनशे माणसं आहेत, कुणीतरी बघेलच."

"कुणीतरी म्हणजे कोण? त्या कुणीतरीचा नंबर आहे का तुझ्याकडे?"

तिने मान हलवली.

"नाही ना? मग पाचघड्याळ्याचाच लाव."

पहिला फोन वाजून वाजून बंद झाला. दुसराही. तेवढ्यात ग्रुपमध्ये चिमट्यावरून दोघांची जुंपली होती. म्हाताऱ्याने मोबाईल तोंडाजवळ धरला, आवाज भरायचं बटण सुनेने दाबून दिलं, आणि हा गरजला, "ए, फुलं टाकायची बंद करा! तो हत्यारं वाटत नाहीये, निरोप घेतोय. भिंतीकडे बघा. पाचही पोरं बंद आहेत. मीसुद्धा भिंग मागितलं, थू माझ्या तोंडावर. त्याच्या जवळ कोण आहे? जा कुणीतरी!"

मग ऐकल्याच्या त्या निळ्या खुणा उमटत गेल्या. दहा जणांनी ऐकलं, चाळीस जणांनी, नव्वद. उत्तरं आली. "अरे बापरे." "देव करो तसं नसो." जोडलेले हात. जोडलेले हात. जोडलेले हात. एवढे हात, आणि एकही उठेना.

"नव्वद जणांनी ऐकलं बाबा," सून म्हणाली.

"म्हणजे एकानेही ऐकलं नाही." म्हाताऱ्याने डोकं खाजवलं. "सगळ्यांना हाक मारली ना, तिथे चुकलं. एकाला मारायला हवी. त्याच्या गावातला तो कोण गं? सारखा सेलचे भाव टाकतो तो?"

"बॅटरी?"

"लाव बॅटरीला."

बॅटरीने दुसऱ्या रिंगला उचलला. "बोला काका! ऐकलं मी आत्ताच. फार वाईट. बघा ना, कुणी गेलं का?"

"तू जा."

"मी? काका, दुकानात एकटा आहे. समोर गिऱ्हाईक बसलंय, बाईंचं घड्याळ उघडून ठेवलंय."

"बाईंनाही घेऊन जा."

"अहो, असं कसं..."

"बॅटरी, त्याचं दुकान तुझ्यापासून किती लांब?"

"चालत पंधरा मिनिटं."

"मी निघालो तर उद्या पोचेन. जगात आत्ता एकच माणूस पंधरा मिनिटांत पोचू शकतो, आणि तो तू आहेस. दुसरा कुणी नाही. कळलं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि बॅटरी कुणाला तरी म्हणाला, "बाई, येता का? वाटेत सांगतो."

तोवर सुनेने आपल्या फोनवरून अशा प्रसंगी मदत करणाऱ्यांचा नंबर शोधून लावला होता. तिकडच्या बाई शांतपणे सांगत होत्या आणि ही पावतीच्या मागे लिहीत होती. तो कागद तिने म्हाताऱ्यासमोर धरला. मोठी अक्षरं होती, मला एका नजरेत दिसली. 'बोलत ठेवा. उपदेश नको. मनात काय आहे ते सरळ विचारा. एकटं सोडू नका.'

सहाव्या वेळी पाचघड्याळ्याने फोन उचलला. उचलला, पण बोलेना.

आमचा म्हातारा एवढा तोंडाळ, त्याचीही जीभ अडकली. मग त्याला जे येतं तेच तो बोलला. "काय रे, मधलं घड्याळ दोन वाजता बंद पडलंय. दुपारच्या दोनला की रात्रीच्या?"

बारीक आवाज आला, "दुपारच्या."

"बघत होतास?"

"हो. समोरच बसलो होतो. चावी हातात होती. फिरवता येईना."

म्हाताऱ्याने कागदाकडे पाहिलं. मी त्याच्या डोळ्यावरच होतो, काच ओली झाली. "तुला सरळ विचारतो, रागावू नकोस. जिवाचं काही करून घ्यायचं मनात आहे का?"

मी अनेक घड्याळं उघडून पाहिली, पण एवढी शांतता कुठल्याच घड्याळात ऐकली नाही.

"आहे," पाचघड्याळ्या म्हणाला. आणि मग रडायला लागला.

"रड. मी इथेच आहे. फोन ठेवणार नाही." म्हाताऱ्याने पाय वर घेतले, खुर्चीत मांडी घातली. "तू महिन्यापूर्वी विचारलं होतंस, हात थरथरतो, कुणाला असं झालंय का. मी वाचलं होतं. उत्तर दिलं नाही. आज देतो. मला झालंय. सकाळी कपातला चहा बशीत सांडतो. सुनेला सांगतो, कप चांगला नाही."

सून त्याच्याकडे बघतच राहिली. तिला हे माहीत नव्हतं.

"खरं?" तिकडून.

"आईशपथ. मनगटी घड्याळांची बारीक कामं मी गेल्या साली बंद केली. भिंतीवरची करतो. त्यांचे स्क्रू मोठे असतात, हाताला सापडतात. तू तर भिंतीवरच्यांचा बाप आहेस गाढवा, तुला काय अडलंय?"

तिकडे नाक ओढल्याचा आवाज, आणि त्याच्यामागे कसलासा हसण्यासारखा. मग शटरवर धाड धाड. "काका! मी बॅटरी! उघडा! गिऱ्हाईक पण आलंय!"

शटर वर गेल्याचा आवाज आम्ही इथे ऐकला. तोवर म्हाताऱ्याने फोन सोडला नाही. बॅटरीच्या गिऱ्हाईक बाई, ज्यांचं या सगळ्याशी काही देणंघेणं नाही, त्या आपलं उघडं घड्याळ पदरात धरून पाचघड्याळ्याजवळ अंधार पडेपर्यंत बसून होत्या. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. नाव कुणी विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याची बहीण आली, काही महिने राहिली. डॉक्टर झाले, औषधं झाली. हाताचं औषध वेगळं, मनाचं वेगळं. मनाच्या डॉक्टरकडे जायला तो लाजत होता, तर म्हातारा म्हणाला, "घड्याळ बिघडलं की तू त्याला लाजतोस का?" ग्रुपमध्ये तीन दिवस कुणी फूल टाकलं नाही. जो सतरा जणांना हसवून गेला होता त्याने पाचघड्याळ्याला फोन केला. काय बोलला ते त्या दोघांत.

पाचघड्याळ्या बरा झाल्यावर आमच्याकडे आला. खिशातून डबी काढली, त्यात ती माझी सवत. "तू मागितलं होतंस," म्हणाला.

म्हाताऱ्याने डबी हातात घेतली, मला डोळ्याला लावून माझ्यातून तिला उलटसुलट पाहिलं. माझा जीव टांगणीला. मग डबी परत दिली. "ओरखडा आहे," म्हणाला. ओरखडा नव्हता. मी पाहिलंय ना. "तूच वापर."

त्या दिवशी दोघांत एक ठरलं. पाचघड्याळ्या म्हणाला, "मला तोंडाने सांगता येत नाही रे. वाईट दिवस आला की शब्दच फुटत नाहीत." म्हातारा म्हणाला, "मग सांगू नकोस. एक पोर बंद ठेव. मी बघेन."

तेव्हापासून सकाळी नऊला मी डोळ्यावर असतो. पट्टा सरळ करायचं काम असो, गिऱ्हाईक उभं असो, आधी पोरांची हजेरी. ग्रुपमध्ये आता आणखी वीस-पंचवीस जण ती घेतात. फोटो पाच मिनिटं उशिरा आला तर विचारणा होते. पाचघड्याळ्या वैतागतो. "माणसाने संडासलाही जाऊ नये का?" असं लिहितो. मला ते वाचून फार बरं वाटतं.

मी आता म्हातारा झालो. कडेचा दोरा मागच्या महिन्यात नवा बांधला. माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या हातातल्या मोबाईलमध्ये रोज कुणी ना कुणी काहीतरी मांडून ठेवतो. कुणी हत्यारं, कुणी जुने फोटो, कुणी दोन ओळी. तुम्ही बोटाने वर सरकवता आणि समजता, दुसऱ्या कुणीतरी पाहिलं असेल. ते दुसरे तुमच्याबद्दल तेच समजत असतात. तेव्हा फूल टाकण्याआधी जरा कोपऱ्यात बघा. आणि दिसलं तर नंबर लावा. भिंग लागत नाही त्याला. मीच सांगतोय म्हणजे खरं असेल ना?

आज सकाळचं सांगतो आणि थांबतो. नऊला फोटो आला. चार घड्याळांत नऊ. मधलं, दोन वाजता.

म्हाताऱ्याने मला काढलंसुद्धा नाही, तसाच फोन लावला. "काय रे, मधलं का बंद?"

"अरे, काल चावी द्यायची विसरलो. बहिणीची मुलं आली होती, दंगा नुसता."

"विसरलास की ठेवलंस?"

"विसरलो रे बाबा. शपथ."

"मग आत्ता दे. मी थांबतो."

पावलं वाजली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग फोनमधून, दिवसभराच्या अंतरावरून, आम्हाला ऐकू आली ती चावी. कर्र, कर्र, कर्र. म्हातारा ओठांत मोजत होता. चौदा फेरे पुरे झाले आणि लंबक हलला, तेव्हा त्याने मला डोळ्यावरून काढलं, सदऱ्याला पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

"चहा गार झाला वाटतं," सुनेला म्हणाला. सुनेने कपाऐवजी मोठा पेला पुढे केला, अर्धाच भरलेला. एक थेंब सांडला नाही.